पंधरापैकी अकरा

गणपतमामांनी सुपारी पाटावर ठेवली, बत्ता उचलला आणि आप्पा म्हणाले, “थांबा.”

कोल्हापुरात इंगवल्यांच्या दिवाणखान्यात दोन्हीकडची मिळून खोलीभर माणसं बसली होती, त्या सगळ्यांच्या माना आप्पांकडं वळल्या. सुपारी एकदा फुटली की सोयरीक पक्की, मग कुणालाही मागं फिरता येत नाही. त्या एका सुपारीसाठी मी आणि रणधीरनं काय काय केलं होतं ते आमचं आम्हाला ठाऊक. इंजिनिअरिंगला आम्ही एका वर्गात होतो. पुढं माझ्या आईला पटवण्यात वर्ष गेलं, त्याच्या आजोबांना पटवण्यात दुसरं गेलं. आता फक्त एक ठोका बाकी होता, आणि माझे सख्खे वडील म्हणत होते, थांबा!

“काय झालं, दाजी?” मामांनी विचारलं. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. ही सोयरीक त्यांनीच जुळवत आणली होती, त्यामुळं त्यांचा बत्ता हवेतच राहिला.

आप्पा उठले, समोरच्या भिंतीपाशी गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि तिथं टांगलेल्या चित्राला नाक लावून उभे राहिले. आप्पा म्हणजे डॉ. हिंदुराव घाटगे, सांगलीतले डोळ्यांचे डॉक्टर. चित्रं जमवायचं त्यांना भारी वेड. पण तासभर त्याच चित्रासमोर बसून त्यांनी पोहे खाल्ले होते, दोनदा चहा घेतला होता, तेव्हा ते त्यांना दिसलं नव्हतं काय?

“दौलतराव, हे कुठून आणलंत?”

रणधीरच्या वडिलांची कळी खुलली. त्यांची उद्यमनगरात फौंड्री. धंद्याची चौकशी केली तर दोन वाक्यांत उरकतील, पण चित्राबद्दल विचारलं तर माणसाला जेवल्याशिवाय सोडणार नाहीत.

“पेठकरांचं आहे, डॉक्टर. नरहरी पेठकर! लिथोग्राफ म्हणतात बघा त्याला. दगडावर काढायचं आणि यंत्रात दाबून कागदावर घ्यायचं. ओरिजिनल आहे. खाली पेन्सिलीनं सही बघा.”

“हे चित्र माझ्या घरी आहे.”

“असंल की. पेठकरांची चित्रं बऱ्याच जणांकडं आहेत.”

“पेठकरांचं दुसरं नव्हे. हेच.”

आणि ते खरं होतं. मीही आत्ता नीट बघितलं. मधे काळाकुट्ट गोळा, खाली गंजाच्या रंगाचा पट्टा, डाव्या कोपऱ्यात मांजरानं ओरबाडल्यासारख्या चार रेघा. ‘रचना’ असं नाव. हेच चित्र आमच्या जेवणाच्या टेबलासमोर होतं आणि रोज बघून मला पाठ झालं होतं. आप्पांना त्यात पिकलेला मोतीबिंदू दिसायचा. आईला करपलेली भाकरी दिसायची, आणि पाहुण्यांसमोर ती तसं बोलूनही दाखवायची. दौलतरावांना काय दिसत होतं ते त्यांनी लगेच सांगितलं.

“डॉक्टर, ही आमची भट्टी आहे. मधे वितळलेलं लोखंड. हे चित्र दुसऱ्या कुणाच्या घरी असूच शकत नाही. आणि हे बघा, खाली आकडा आहे. पंधरापैकी अकरा! परीक्षकांनी दिलेले मार्क आहेत ते. फर्स्ट क्लासच्याही वर गेलंय. तुमच्याला किती पडलेत?”

“दोन,” आप्पा म्हणाले.

“किती?”

“पंधरापैकी दोन.”

दौलतरावांनी हसू दाबलं. पाहुण्याला हसू नये एवढी रीत त्यांना होती, पण त्यांच्या चुलत्यांना नव्हती. ते फिस्सकन हसले, मग त्यांच्यामागची रांगच्या रांग हसली. आता आप्पांनी सरळ सांगायचं, की अहो, मार्क कसले, एका चित्राच्या पंधरा प्रती काढतात, त्यातली ही अकरावी. पण आप्पांनी भलतंच तोंड उघडलं.

“दोन म्हणजे दुसरं. माझं आधी झालं. तुमचं अकरावं. कार्बन पेपरखालची अकरावी प्रत कधी वाचता येते काय?”

“म्हणजे? माझ्या भिंतीवर नक्कल टांगलीय?”

“मी डोळ्यांचा डॉक्टर आहे. दिसतं ते सांगतो.”

“आणि नक्कल टांगून ओरिजिनल सांगणारा मी लबाड?”

“ते तुमचं तुम्ही बघा.”

झालं! दौलतराव उभे राहिले. त्यांचे चुलते उभे राहिले. आमच्याकडचे लोक कशासाठी उभं राहायचं ते न कळताच उभे राहिले. मी रणधीरकडं बघितलं, तो चित्राकडं बघत होता, जणू ते आत्ता फाडावं की नंतर एवढंच त्याला ठरवायचं होतं. मामांनी सुपारी उचलून सदऱ्याच्या खिशात टाकली आणि आम्ही जेवणाची पानं मांडलेली सोडून सांगलीला परत आलो. श्रीखंड केलं होतं त्यांनी. मामा वाटेत दोनदा त्याबद्दल हळहळले.

घरी आल्यावर मी जेवायला बसले नाही. आप्पा मात्र जेवले, आणि समोरच्या करपलेल्या भाकरीकडं टक लावून बसले.

“आप्पा, तुम्हाला चित्र मोठं का मी?”

“प्रश्न चित्राचा नाही, सुलू. तत्त्वाचा आहे.”

“कसलं तत्त्व?”

त्यांना लगेच आठवेना. “खरेपणाचं,” ते थोड्या वेळानं म्हणाले आणि दवाखान्यात निघून गेले. रविवार होता. रविवारी दवाखाना बंद असायचा.

आई भांडी आपटत होती. “काळा डाग नि तांबडा पट्टा! त्याच्यापायी पोरीचं लग्न मोडायला निघालाय हा माणूस. उद्या तुला कुणी विचारलं तर सांग, आमच्यात पत्रिका जुळली, मानपान जुळलं, फक्त भाकरी जुळली नाही.”

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातला फोन वाजला. आप्पांच्या मदतीला मी तिथं बसले होते, म्हणून मीच घेतला. कुणीतरी घोगऱ्या आवाजात म्हणालं, “डोळ्यात कचरा गेलाय, काय करू?”

“कुठल्या डोळ्यात?”

“दोन्ही.” मग आवाज खाली आला. “सुलू, अगं मी.”

रणधीरची अवस्था माझ्याहून वाईट होती. घरी येईल त्याला दौलतराव भिंतीपाशी नेत, आकड्यावर बोट ठेवत आणि म्हणत, “पंधरापैकी अकरा, आणि ज्यांना दोन मिळाले ते मला लबाड म्हणतात!” डॉक्टरांनी माफी मागितल्याशिवाय हे लग्न होणार नाही, असं त्यांनी फौंड्रीतल्या माणसांसमोर जाहीर करून टाकलं होतं. एकदा फौंड्रीत बोलले की ते शब्द मागं घेत नसत.

“आप्पा माफी मागायचे नाहीत,” मी म्हटलं. “मला वाटतं, आपलं मोडलं रणधीर.” आणि कालपासून दाबून धरलेलं रडू तिथंच, डोळे तपासायला आलेल्या पेशंटांसमोर फुटलं. एक म्हातारी बाई उठून माझ्या डोळ्यांत घालायला आपले ड्रॉप द्यायला लागली.

शेवटी तोडगा मामांनीच काढला. “चित्र ज्यानं काढलं त्यालाच विचारू की! पेठकर कोल्हापुरातच राहतात. दोन्ही चित्रं त्यांच्यापुढं ठेवायची. ते म्हणतील ते खरं. त्यांचा शब्द दोघांनीही मानायचा.”

दौलतराव फोनवर एका पायावर तयार झाले. आप्पा मात्र दचकले. “पेठकरांना कशाला त्रास? वयस्कर माणूस. शिवाय त्यांना आता काही आठवत नसेल.”

“स्वतःचं चित्र आठवणार नाही?”

“कलावंत माणसं असतात ती,” आप्पा म्हणाले. पण आईनं एवढंच सांगितलं, की तुम्ही नाही आलात तर मी एकटी जाईन आणि काय बोलायचं ते माझ्या मनानं बोलेन. मग आप्पांनी मुकाट्यानं गाडीची किल्ली घेतली.

पुढच्या रविवारी आमचं चित्र आईच्या गोधडीत गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवलं. सांगलीपासून कोल्हापूरपर्यंत मी ते सांभाळत नेलं, आणि वाटेत प्रत्येक खड्ड्यात मनातल्या मनात म्हटलं, फूट एकदाचं! काच कसली मजबूत, तडासुद्धा गेला नाही.

पेठकरांचं घर रंकाळ्याच्या अलीकडं, एका बोळात. इंगवले आधीच आले होते. त्यांचं चित्र फौंड्रीतल्या दोन माणसांनी पालखीसारखं धरून आणलं होतं. पेठकर बनियनवर बसून शेंगा सोलत होते. पांढरी दाढी, बोटांना काळी शाई मुरलेली. आम्ही दोन्ही चित्रं कॉटवर शेजारी शेजारी ठेवली. दौलतराव एका बाजूला, आप्पा दुसऱ्या बाजूला, मधे काळे गोळे दोन.

“अस्सल कुठलं, ते सांगा,” दौलतराव म्हणाले. त्यांच्या कपाळाला घाम आला होता. मला एकाएकी त्यांची दया आली. हा माणूस खरंच घाबरला होता.

पेठकरांनी चित्रांकडं धड बघितलंही नाही. “दोन्ही माझीच.”

“पण खरं कुठलं?”

“दोन्ही खरी. पंधरा छापली, पंधराच्या पंधरा खरी. आकडा म्हणजे कितवी प्रत ते.”

“म्हणजे मार्क नव्हेत?” दौलतरावांचा आवाज अगदी लहान झाला. इतकी वर्षं त्यांनी ते मार्क किती जणांना दाखवले असतील!

“मार्क कोण देणार मला?” पेठकर शेंग फोडत म्हणाले.

इथं सगळं मिटायचं. मामांचा हात खिशाकडं गेलासुद्धा. पण दौलतराव हार मानणाऱ्यांतले नव्हते. “थांबा. म्हणजे ही पंधराही कागदावर उमटलेली. मग ज्याच्यावरनं उमटली ते ओरिजिनल कुठाय?”

“दगड? तो नव्या चित्रांसाठी पुन्हा पुन्हा घासून पातळ झाला. यंत्रात तडकायची भीती. आहे मागं. बायको धुणं धुते त्यावर.”

दौलतराव आणि आप्पा एकमेकांकडं बघायला लागले. दोघांच्याही मनात एकच आलं. दौलतराव आधी निघाले, पण आप्पा दारातून आधी बाहेर पडले.

मागच्या अंगणात पेठकरवहिनी बसून धुणं धूत होत्या. त्यांच्यापुढं पिवळसर करडा, सुरेख गुळगुळीत दगड, आणि त्यावर पेठकरांची विजार.

“वहिनी, जरा बाजूला होता का?” दौलतराव गुडघ्यावर बसले आणि हातानं फेस सारायला लागले. “ही बघा! ही बघा भट्टी! दिसतेय की अजून!”

“तो नीळ सांडल्याचा डाग आहे,” वहिनी म्हणाल्या.

“हा दगड माझ्याकडं आला तर ओरिजिनल माझं,” दौलतराव म्हणाले. “वहिनी, तुम्हाला वॉशिंग मशीन देतो. आत्ता, या मिनिटाला फोन करतो.”

“मी तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून देतो,” आप्पा म्हणाले.

“मला मोतीबिंदू नाही.”

“होईल की कधीतरी.”

“अहो, काय बोलताय हे डॉक्टर?” वहिनींनी विजार पिळली. “आणि वॉशिंग मशीन ठेवू कुठं? घरात माझ्या पायाखाली सगळीकडं चित्रंच आहेत. हा दगड बरा. गुळगुळीत आहे, कपडे फाटत नाहीत. कुणाला द्यायचा नाही.”

“अर्धा अर्धा करू,” मामांनी सुचवलं. त्यांच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. दौलतरावांनी फौंड्रीतल्या माणसांना हाक मारली, आप्पांनी दगडाचं एक टोक धरलं. एक डोळ्यांचा डॉक्टर आणि एक कारखानदार, दोघं धुण्याच्या दगडाला लटकलेले, आणि मी आणि रणधीर भिंतीला टेकून ते बघत उभे. आम्हाला वाटलं, आपलं आता काही खरं नाही.

पेठकर शेंगा खात दारात आले होते. ते अगदी सहज म्हणाले, “पण डॉक्टर, तुम्ही कशाला दगड ओढताय? तुमच्यासमोरच तर छापली होती सगळी. ओले कागद दोरीला तुम्हीच अडकवलेत. दोन नंबरचा तुम्ही हातानं निवडलात. आणि मागं तुम्ही आलात तेव्हा मीच नव्हतं का सांगितलं, की अकरा नंबर उद्यमनगरच्या इंगवल्यांकडं आहे? तुम्ही म्हणालात, अरे वा, तिथंच तर मुलगी द्यायचं चाललंय.”

आप्पांच्या हातून दगडाचं टोक सुटलं.

  दौलतराव हळूहळू उभे राहिले, त्यांच्या पँटला गुडघ्यापर्यंत फेस लागला होता.

“डॉक्टर, तुम्हाला माहीत होतं?”

“होतं.”

“आधीपासनं? माझ्या घरी पाय ठेवायच्या आधी?”

“हो.”

“मग मला चारचौघांत लबाड का म्हणालात?”

मी पुढं झाले. मला संताप आवरेना. “आप्पा, बोला ना. आठवडाभर मी रडतेय. आई जेवली नाही धड. का केलंत हे?”

आप्पा वहिनींच्या पालथ्या बादलीवर बसले. मोठमोठ्या ऑपरेशनांना न डगमगणारा हा माणूस, मान खाली घालून बसला होता.

“ठरवून नाही केलं,” ते म्हणाले. “चांगला बसलो होतो की. पोहे खाल्ले. मुलगा आवडलाय मला, घर आवडलंय. पण मामानं बत्ता उचलला आणि वाटलं, आता हा ठोका पडला की संपलं. पोरगी गेली. मला काहीच सुचेना. समोर हे चित्र दिसलं. म्हटलं, यावर भांडण काढलं तर आणखी चार दिवस मिळतील. आठवडाभर मिळाला. रोज संध्याकाळी घरी आलो की तू घरात असायचीस. रडत असायचीस, पण असायचीस.”

माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही. रणधीर माझ्याकडं न बघता अंगणातल्या तुळशीकडं बघायला लागला.

“अहो, मग सरळ सांगायचं!” दौलतराव ओरडलेच. “तारीख पुढं ढकलली असती! किती दिवस पाहिजेत तुम्हाला? महिना? दोन महिने? मी नको म्हटलं असतं काय?”

“मागितले असते तर किती मागायचे, तेच मला ठरवता येईना,” आप्पा म्हणाले. “आणि तुम्हाला जे बोललो ते चुकलं. तुमचं चित्र माझ्याइतकंच खरं आहे. मला माफ करा, दौलतराव.”

दौलतरावांनी रुमाल काढला, पँटचा फेस पुसायच्या निमित्तानं वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग म्हणाले, “गणपतराव, सुपारी आहे का खिशात?”

“आठवडाभर हाच सदरा घालतोय,” मामा म्हणाले. “बायकोनं धुवायला मागितला तरी दिला नाही.”

“मग इथंच फोडायची. आत्ताच. आणि तुम्ही नाही, ज्यांनी अडवली त्यांनी फोडायची.”

पेठकरांनी आतून वरवंटा आणला. वहिनींनी कपाळाला हात लावला, पण दगडावरची विजार उचलली. आप्पा गुडघ्यावर बसले, सुपारी दगडावर ठेवली आणि वरवंटा हाणला. दगड ओला, साबणानं बुळबुळीत. सुपारी टुणकन उडून रणधीरच्या पायाशी गेली. त्यानं आणून दिली. आप्पांनी पुन्हा हाणला, सुपारी पुन्हा उडाली, या वेळी पाण्याच्या बादलीत. सगळे हसायला लागले, आप्पासुद्धा हसले, पण तिसऱ्यांदा वरवंटा उचलला तेव्हा त्यांचा हात वरच थांबला.

“नाही जमत मला,” ते म्हणाले.

मी त्यांच्यासमोर बसले. सुपारी दोन बोटांत घट्ट धरली आणि दगडावर टेकवली.

“बोटं काढ.”

“नाही काढत. तुम्ही मारा.”

“लागेल, सुलू.”

“तुमच्या हातून नाही लागायचं.”

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मग चष्मा नीट केला, जसा ऑपरेशनच्या आधी करतात तसा, आणि एकच ठोका घातला. हात जरासुद्धा हलला नाही. सुपारीची दोन शकलं झाली आणि अंगणात एकदम गलका उठला. दौलतराव मामांना मिठी मारायला लागले, फौंड्रीतली माणसं टाळ्या वाजवायला लागली, आईनं डोळ्यांना पदर लावला. आप्पांकडं आणि माझ्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

आप्पांनी वरवंटा बाजूला ठेवला आणि माझा हात हातात घेतला. “बघू, लागलं का?”

“नाही लागलं.”

“बघू तर.” त्यांनी एक बोट बघितलं, दुसरं बघितलं, मग बाकीचीही बघायला लागले, ज्यांचा काहीच संबंध नव्हता ती. साबणाच्या पाण्यात आम्ही दोघं तसेच बसून होतो.

“उठा आता, डॉक्टर,” वहिनी म्हणाल्या. “माझं धुणं राहिलंय.”

आप्पांनी हात सोडला नाही.

“थोडं थांबा, वहिनी,” ते म्हणाले. “अजून थोडं.”

वहिनींनी विजार पुन्हा बादलीत टाकली आणि पदरानं हात पुसत भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या.